पानमळ्यातला तास

"सगळं सांगितलं, सर. एकही गोष्ट सोडली नाही. तरी पोरांना का येत नाही?"

मुजावर सर पानाची वेल शेवरीच्या खोडाला बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय सांगितलंस?"

"इंग्रजीतली क्रियाविशेषणं. काम कसं झालं, कुठं, कधी, किती, का झालं ते सांगणारे शब्द." सन्मतीनं काखेतली गुंडाळी उलगडली. "हा बघा, पाच रंगांचा तक्ता. पाच प्रकार, प्रत्येकाची दहा उदाहरणं."

"मळ्यात शिरताना चपला कुंपणापाशी काढल्यास ना? हाही तिथंच ठेवायचास."

सन्मती चौगुले याच सरांच्या हाताखाली इंग्रजी शिकला होता. दोन वर्षं इंग्लंडात, लीड्सला काढून, तिकडची नोकरी नाकारून, गावच्याच हायस्कुलात दहावीला शिकवायला आला होता. पाठांतराला मूठमाती द्यायची, असं बोलून आला होता. पण चाचणीत या एका धड्यावर बेचाळीसपैकी छत्तीस मुलं आपटली. शनिवारी फेरचाचणी होती. तीही गेली, तर मुख्याध्यापक वर्ग काढून घेणार होते, आणि पोरं पुन्हा गाइडातली उत्तरं घोकणार होती.

"मी हटणार नाही, सर. जादा तास घेतो. अजून पन्नास उदाहरणं देतो."

"पन्नासच?"

"शंभर देतो!"

सर गालात हसले. भिजवलेल्या लव्हाळ्याच्या चार काड्या त्यांनी सन्मतीच्या हातात ठेवल्या.

"बांध."

आणि ते पुढच्या वेलीकडं सरकले.

"ही वेल ना, सर? कुठं बांधू? पेरावर, का पेराच्या खाली?"

सरांनी पुढच्या वेलीचा शेंडा शेवरीला टेकवला.

"किती घट्ट?"

सर आणखी एक वेल पुढं सरकले.

"अहो, निदान गाठ कशी मारायची ते तरी सांगा!"

"सांगितलं की. बांध म्हणालो."

"एवढ्यावर कोण बांधेल?"

सन्मती चिडला. वेल खोडाशी ओढून त्यानं करकचून गाठ मारली. कट्‌ असा आवाज झाला. कोवळा शेंडा त्याच्या हातात आला.

त्याचं तोंड उतरलं. सरांनी या वेली तळहाताच्या फोडासारख्या जपल्या होत्या.

"सर… चुकलं माझं."

"ते राहू दे. आता विचार, काय विचारायचंय ते."

सन्मतीनं विचारलं. कितव्या पेराशी बांधायचं, गाठ कुठल्या बाजूला घ्यायची, सकाळी बांधायचं का उन्हं उतरल्यावर, इतकं जपून कशासाठी. प्रत्येक प्रश्नाला सर हातानं दाखवत गेले. दुसरी वेल त्यानं स्वतः बांधली. सरांनी लव्हाळ्याखाली बोट सरकवून पाहिलं. बोट गेलं. वेल हलली नाही.

"लेका, तुझ्या पोरांनी किती प्रश्न विचारले?"

सन्मतीनं वर्ग आठवला. वहीवर वाकलेल्या बेचाळीस माना.

"एकही नाही. लिहून घेत होती."

"हं."

वाऱ्यानं पानं सळसळली. सन्मतीनं तो मोडका शेंडा खिशात ठेवला. मग ताठ उभा राहिला.

"ठरलं, सर. उद्या फळ्यावर एकच क्रियापद लिहिणार. पुढचं, कसं, कुठं, कधी, ते त्यांनी मला विचारायचं, इंग्रजीत. मोडकंतोडकं का असेना. कितीही गयावया केली, डोकं खाल्लं, वर्ग हातचा गेला, तरी मी एक उत्तर देणार नाही!"

सरांनी पुढची वेल हातात घेतली.

"दे की. पण उशिरा दे."