फुटाण्याचा नाग

उंदीर शहाणे होते आणि कुठल्याही गोष्टीवर सभा भरवायचे, तेव्हाची ही गोष्ट.

शेताच्या बांधाखाली म्हातारा कोंडाजी उंदीर मुलासुनेच्या बिळात राहत होता. एके सकाळी नातू फुटाण्या नागाचं वीतभर पिल्लू घेऊन आला आणि म्हणाला, "मी हा पाळणार."

"अरे, विषारी आहे तो! सोडून ये आधी," कोंडाजी ओरडला.

"मामंजी, पोराची हौस मोडू नये," सून दाणाबाई म्हणाली. "आपण रीतसर तपासणी करू."

रीतसर तपासणी म्हणजे पूर्वजांनी घालून दिलेली: पंज्याला वाकडी नखं आहेत का, तोंडावर मांजराच्या मिशा आहेत का? पिल्लाला मिशा नव्हत्या. नखांचं म्हणाल तर पंजेच नव्हते. सगळं बीळ हरखलं. इतका निरुपद्रवी प्राणी पंचक्रोशीत कुणी पाहिला नव्हता.

"आणि दात?" कोंडाजीनं विचारलं.

"दात आपल्यालाही आहेत," दाणाबाई फणकारली. "आपल्याला कुणी विषारी म्हणतं का?"

म्हाताऱ्याला अर्थातच काही कळत नव्हतं. तो मुकाट्यानं पलीकडच्या बांधावर राहायला गेला.

सुगी संपल्यावर नातवाच्या ओढीनं तो परत आला. बिळाच्या तोंडाशी चांगला पोसलेला नाग ऊन खात पडला होता.

कोंडाजीनं लांबूनच विचारलं, "फुटाण्या कुठाय?"

"सगळे एकत्रच आहेत," नाग जांभई देत म्हणाला. "फार जीव लावला हो पोरानं. बरं, पलीकडच्या बांधावर कुणाला लहान मुलं आहेत का?"