खाडीवरची घंटा आणि पास्कूची सुसर

"रविवारी एक तर कुणीतरी पाण्यावर चालून दाखवा, नाही तर घंटा उतरवा!"

हेदुलीच्या महाराजांनी असं फर्मावलं आणि खाडीपलीकडच्या ख्रिस्ती वाडीत कुणाच्या घशाखाली घास उतरेना.

त्याचं असं झालं. महाराजांना वाढदिवसाला नवी कोरी तोफ हवी होती. तोफेला धातू कमी पडत होता आणि वाडीतल्या चर्चची घंटा होती चांगली रांजणाएवढी! पण देवाच्या दारची वस्तू उगाच कशी उचलायची? मग महाराजांनी निमित्त शोधलं. फादरकडून बायबल मागवलं, तक्क्याला टेकून वाचलं आणि वाडीला दरबारात बोलावलं.

"यातलं सगळं खरं मानता?" महाराजांनी विचारलं. "मानत असाल, तर येशूचा तो शिष्य पेत्र जसा पाण्यावर चालला, तसं चालून दाखवा. मानत नसाल, तर तुमचा धर्म खोटा. खोट्या धर्माला घंटा कशाला?"

इकडे आड, तिकडे विहीर! फादर बिचारे घाम पुसत म्हणाले, "सरकार, याचं उत्तर जरा लांबलचक आहे."

"मला आखूड हवंय!" महाराज गरजले.

वाडीत सगळ्यांत जास्त घोर लागला तो फिलूला. फिलू ही पास्कू नावाड्याची लेक. खाडीवर धुकं उतरलं, की त्या घंटेच्या आवाजावरच पास्कू होडी काठाला लावायचा. घंटा गेली, तर एखाद्या संध्याकाळी बाप थेट समुद्रात जायचा!

"फादर, मी चालते पाण्यावर," फिलू म्हणाली.

"अगं वेडे, बुडशील!"

"बुडणारच की! त्यासाठीच तर चाललेय."

फादरना काही उमगेना. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

रविवारी दोन्ही काठांवर ही गर्दी! महाराजांना तमाशा जवळून बघायचा होता. पण पाण्याची त्यांना भारी धास्ती. पोहायला येत नव्हतं ना! दिवाणजींनी झालर लावलेली राजनौका सजवली होती, तिच्याकडे महाराजांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पास्कूच्या जुन्या होडीत फिलूशेजारी बसले आणि दोन्ही हातांनी कड घट्ट धरली.

पास्कूने वल्हं मारलं आणि सवयीप्रमाणे सुरुवात केली. "सरकार, इथंच मला ती सुसर दिसली होती. गाडी, बैल आणि गाडीवान, सगळं एका घासात गिळलं! गाडीवान आत बसून विडी ओढत होता, म्हणून तर तिच्या नाकातून धूर येत होता."

"पास्कू, तुझ्यासारखा थापाड्या उभ्या संस्थानात नाही!" महाराज म्हणाले. "हं पोरी, चल. हो पायउतार!"

फिलूने पदर खोचला, महाराजांना नमस्कार केला आणि होडीच्या कडेवरून ऐटीत पाऊल टाकलं.

डुब्!

एक बुडबुडा आला. दुसरा आला. पुढे काहीच येईना. काठावर बाया रडू लागल्या. पास्कू मात्र शांतपणे वल्हं धरून बसला होता. आपली लेक माशागत पोहते, हे त्याला ठाऊक होतं. महाराजांना कुठे ठाऊक होतं?

"अरे, पोर मेली की! कुणी धरा तिला!" महाराज ओरडले. तेवढ्यात त्यांच्या अगदी पुढ्यात पाण्यातून एक हात वर आला. महाराजांनी मागचापुढचा विचार न करता तो पकडला आणि तिला खेचून होडीत घेतलं. फेटा भिजला, अंगरखा भिजला, मिशासुद्धा भिजल्या.

जीव भांड्यात पडला तसा हट्टही परतला. "बुडालीस! पुस्तक खोटं ठरलं!"

"सरकार, पेत्रसुद्धा बुडायलाच लागला होता! पुढची ओळ वाचायच्या आधी डोळा लागला वाटतं?"

महाराज चपापले. डोळा खरंच लागला होता. "पण तो आधी चार पावलं चालला तरी! तू एकही नाही."

"तो संत, मी नावाड्याची पोर. एवढा फरक राहणारच! आणि त्याच्या पुढच्या ओळीत येशूने बुडणाऱ्याचा हात धरून वर काढल्याचं लिहिलंय. तेवढं तर सरकारांनीच करून दाखवलं."

काठावर हशा पिकला. पण महाराज कसले ऐकतात!

"शब्दांत पकडू नकोस! तुमच्या पुस्तकातला तो योना माशाच्या पोटात जाऊन जिवंत बाहेर आला, हे खरं मानतेस? हो की नाही?"

"मला नाही ठाऊक, सरकार. तो मासा काही मी पाहिला नाही."

"सापडलीस! मग तू ख्रिस्ती कसली?"

फिलूने वेणी पिळली. "सरकार, बाबांची सुसर खरी मानता?"

"छट्! मुळीच नाही!"

"मग दिवाणजींची एवढी सजवलेली नौका सोडून या थापाड्याच्या होडीत कसे बसलात? पोहायला तर येत नाही तुम्हाला!"

"त्यात काय! मी पाळण्यात होतो तेव्हापासून पास्कू मला पार नेतोय. वादळात नेलं, धुक्यात नेलं, कधी बुडवलं नाही. गोष्टी कशा का असेनात, माणूस खात्रीचा आहे!"

"अगदी माझ्या मनातलं बोललात, सरकार!" फिलू म्हणाली. "मासा केवढा होता, मला ठाऊक नाही. पण मला पार नेणारा माझ्या खात्रीचा आहे!"

महाराज असे खो खो हसले की होडी डगमगायला लागली. "अहो सरकार, हळू हसा!" पास्कू ओरडला.

"घंटा राहू दे तिथंच!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "वाढदिवसाला तोफ नको, तीच वाजवा! माझ्या तोंडून उत्तर वदवलंस पोरी, हे घे!" त्यांनी गळ्यातला कंठा काढून फिलूच्या गळ्यात घातला. "आणि पास्कू, तुला नवी होडी!"

पास्कू मात्र फुरंगटून बसला होता. "होडी ठीक आहे, सरकार. पण सुसर खरीच होती हो! धूर मी स्वतः पाहिला!"

"होडी माझ्याकडून घे," महाराज म्हणाले, "सुसर तुझी तुलाच लखलाभ!"