धाकूने बेट फिरवलं

समुद्रकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा गडी होता. वय तीस, ताकद दोघांची. सांगाल ते तसंच्या तसं करायचा.

त्याचे जनूकाका पाहुण्यांना होडीतून समोरच्या बेटावर नेत आणि पायी फिरवून झाडं-पाखरं दाखवत. एकदा काकांचा पाय मुरगळला. ते म्हणाले, "मी होडीत बसतो. बेट तू फिरव."

पहिल्या दिवशी गरुड दिसला. "तो बघा गरुड!" धाकू असा ओरडला की गरुड तर उडालाच, झाडाला लटकलेली वटवाघळंही उडाली.

"अरे, ओरडायचं नाही," काका म्हणाले. "ओठांवर बोट ठेवून गप्प उभं राहायचं."

"बरं काका."

दुसऱ्या दिवशी खेकड्याने एका मास्तरांचा अंगठा पकडला. मास्तर बोंबलले. धाकूने ओठांवर बोट ठेवलं. "हळू, मास्तर. उडून जाईल."

अंगठा सुजून लिंबाएवढा झाला.

काका वैतागले. "अरे, घट्ट धरलेलं दिसलं की आधी सोडवायचं!"

"बरं काका."

तिसऱ्या दिवशी एक नवं जोडपं आलं. शेवाळलेल्या खडकावरून दोघं हात घट्ट धरून चालली होती. धाकू धावला. एकेक बोट करून हात सोडवले. नवरी थेट डबक्यात.

धाकू वाकून म्हणाला, "वहिनी, आता मोकळं वाटतंय ना?"

काकांनी कपाळाला हात लावला. "अरे, पाण्यात पडलेलं दिसलं की हातातलं टाकून आधी उडी मारायची! उद्या बारा पाहुणे आहेत. उद्या घोळ घातलास तर आपल्या होडीत पुन्हा कुणी पाय ठेवणार नाही."

धाकूला फार वाईट वाटलं. घरी जाईपर्यंत तो तेच घोकत होता.

चौथ्या दिवशी फेरी बिनचूक झाली. पाहुणे खूश. सगळे किनाऱ्यावर आले. चढताना आधार हवा म्हणून काकांनी दोन्ही वल्ही वाळूत रोवायला लावली. ओहोटीची ओढ जबर होती.

"दोर घट्ट धर," काका होडीतून म्हणाले.

धाकूने धरला. पहिल्या आजीबाईंनी पाय उचलला, तेवढ्यात फांदीवरून एक खंड्या पक्षी सुर्रकन पाण्यात पडला.

धाकूने दोर टाकला आणि उडी मारली.

होडी निघाली. काका "दोर! दोर!" ओरडत लांब लांब जाऊ लागले. वाळूत दोन वल्ही आणि बारा पाहुणे उभे.

धाकू गळ्याएवढ्या पाण्यातून वर आला. तोंडभर हसून ओरडला,

"भिऊ नका काका! वाचला तो! जाताना मासाही घेऊन गेला!"