चकवतळ्याची वाट

वाळूच्या टेकड्यांमागे चकवतळे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. ते नेमके कुठे आहे, हे मात्र टेकडीच्या पायथ्याशी उभे राहूनही कळत नाही. पश्चिमेला समुद्र, अलीकडे रुंद पुळण, मग माडाएवढ्या उंच वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या पोटात गोड्या पाण्याचे हे तळे. आता हा सगळा भाग राखीव उद्यान झाला आहे. फाटक आहे, सुरूच्या झाडांखाली बाकडी आहेत. पण फाटकातून आत गेलेली माणसे अर्ध्या तासाने त्याच फाटकाशी येऊन उभी राहतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

मागच्या माघात सांगलीहून आलेल्या चौघांचे असेच झाले. दोनदा चढून दोनदा ते समुद्राकडेच उतरले. तिसऱ्या खेपेला त्यांच्यातल्या शर्वरीताई बाकड्यावर बसलेल्या वासूअण्णा कुबलांना म्हणाल्या, "इथे पाट्या का नाही लावल्या?"

"लावलेल्या," अण्णा म्हणाले. "वाळूखाली आसत."

अण्णा ऐंशीच्या पुढचे. वाट दाखवायला ते उठले नाहीत. "आधी बसा," एवढेच म्हणाले, आणि त्यांच्या वाडवडिलांकडून चालत आलेली हकिगत त्यांनी सांगायला घेतली.

फार पूर्वी, असे सांगतात, या टेकड्यांच्या आडोशाला चाळीसेक घरांचा गाव होता आणि त्या गावात यसू नावाची बाई होती. वारा रोज वाळू हलवी, रोज वाट पुसली जाई. पण यसूला वाटेची गरजच पडत नसे. वाळूवर उठलेल्या वळ्या बघून, मर्यादवेलीचे शेंडे कुणीकडे वळले आहेत ते बघून ती सरळ तळ्यावर जाई. हे तिला तिच्या आईने शिकवले होते. सकाळी ती पुढे आणि कळशा घेतलेल्या गावच्या बायका मागे, असा रिवाज होता. डोळे बांधले तरी यसू पाण्यावर जाईल, असे लोक म्हणत.

एका वर्षी पाऊस झालाच नाही. चैत्रात तळे गुडघाभर उरले. नेमक्या त्याच दिवसांत खडकावर आपटून एक होडी फुटली आणि अकरा माणसे पुळणीवर आली. उत्तरेकडची आगरी माणसे होती ती, मिठागरावर राबणारी. भरतीचे पाणी शिरून त्यांची मिठागरे बुडाली होती, म्हणून दुसरीकडे पोट भरायला निघाली होती. त्यांचा म्होरक्या राघो म्हातारा होता आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळा. त्याची सून चांगुणा हिच्या अंगावर पिणारे मूल होते. तीन दिवस त्यांना गोडे पाणी मिळाले नव्हते.

गावकीपुढे पेच पडला. अकरा तोंडे वाढली तर पाणी आषाढापर्यंत पुरेल की नाही, कुणालाच सांगता येईना. तेव्हा मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फुलाची एकेक कळी चिकटवून देवीला कौल लावला. उजवीकडची कळी पडली तर पाणी द्यायचे, डावीकडची पडली तर नाही. म्हणे, दोन्ही कळ्या एकदम पडल्या. असे पूर्वी कधी झाले नव्हते. शेवटी गावचा मुख्य, ज्याला गावकर म्हणत, तोच म्हणाला, "डावी पडली ही तर खरी गोष्ट." आणि त्याने यसूला पुढे बोलावले.

परक्यांनी टेकड्यांवर पक्षी उतरताना बघितले होते, ती माणसे पाणी शोधल्याशिवाय राहणार नव्हती. म्हणून बेत असा ठरला, की यसूने त्यांना पाण्याकडे नेते असे सांगायचे, दिवसभर वाळूत फिरवायचे आणि संध्याकाळी दक्षिणेला खाडीच्या तोंडाशी नेऊन सोडायचे. मग ती आपणच पुढच्या गावाकडे जातील. यसूच्या हातावर देवीचे तीर्थ घालून तिच्याकडून वदवून घेतले, की मी यांना तळ्याची वाट दाखवणार नाही. शपथ मोडली तर तिला वाळीत टाकायचे ठरले.

यसूने शपथ घेतली. घेताना तिला बरोबर वाटले की चूक, ते तिला तेव्हाही कळले नाही. कळ्या तर दोन्ही पडल्या होत्या.

सकाळीच ती त्या माणसांना घेऊन निघाली. राघो सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. पहिला प्रहर तिने ठरवल्याप्रमाणे त्यांना तळ्याच्या पाठीमागून नेले. बारकी टेकडी, मग केवड्याचे बन, मग उतार. मागून कुणी तक्रार करीत नव्हते, याचाच तिला त्रास होऊ लागला. ती थांबली की ती माणसे थांबत, ती वळली की वळत. चांगुणाचे मूल रडत होते. मग ते रडायचेही थांबले.

दुपारी ती दक्षिणेकडे वळली आणि समोर केवड्याचे बन आले. सकाळचेच. यसू चपापली. तिने डावी बाजू धरली. खूप चालल्यावर पुन्हा तेच बन. ती वाकून वाळू बघू लागली, पण वळ्या कधी इकडे तर कधी तिकडे गेलेल्या दिसत. मर्यादवेलीचे शेंडे चारी दिशांना पसरलेले. समुद्राचा आवाज एकदा पाठीमागून आला, एकदा समोरून. खाडी कुठे, गाव कुठे, तळे कुठे, तिला काहीच उमगेना. ज्या वाळूत ती पंचवीस वर्षे चालली, ती वाळू तिला ओळख देईना. आपण यांना फिरवतो आहोत की आपल्यालाच कुणी फिरवते आहे, हेही तिला सांगता येईना.

तिसऱ्यांदा केवड्याशी आल्यावर यसू मटकन खाली बसली.

"काय झालं, बाय?" राघोने विचारले.

"वाट माका गावना नाय," ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "सकाळी गावत होती. तेव्हा मी तुमका मुद्दाम फिरवलंय."

चांगुणाने मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतले.

"आणि आता?" राघोने विचारले.

"आता खराच गावना नाय."

"मग तू उठ नि आमच्या मागं चल," म्हातारा म्हणाला. "आता आमी फुडं होतो."

आयुष्य मिठाच्या पाण्यात काढलेल्या माणसाला गोड्या पाण्याचा वास वेगळा कळतो, असे सांगतात. राघोने तोंड वाऱ्याकडे केले, चार पावले गेला, थांबला, पुन्हा वळला. यसू सगळ्यांच्या मागे, दुसऱ्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत चालली. दिवस बुडता बुडता सगळी एक टेकडी चढली, आणि खाली तळे होते.

काठावर गावही होता. यसू खाडीच्या तोंडाशी पोचली नाही हे कळल्यावर माणसे इथे येऊन थांबली होती. गावकर पुढे झाला.

"शपथ मोडलंस?"

"माका ठावक नाय," यसू म्हणाली. "मी वाट दाखवूक नाय. ह्यांनीच माका आणली."

गावकराने राघोला विचारले. "ती आमच्या मागं व्हती," राघो म्हणाला. ते खरेच होते. शपथ मोडली म्हणावी तर तिने वाट दाखवली नव्हती, पाळली म्हणावी तर ती माणसे पाण्याशी उभी होती. गावकर तसाच उभा राहिला.

तोवर चांगुणाने मुलाचे ओठ भिजवले होते आणि सासऱ्याचा हात धरून त्याला पाण्यात उतरवले होते. राघोने ओंजळ भरली, पण तोंडाला लावली नाही. "ती बाय कुठंय?" त्याने विचारले. "सकाळधरनं तीबी पाण्याविना हाय."

यसू पुढे गेली आणि त्या ओंजळीतून पाणी प्याली. गावकराने ते बघितले, आणि तो काठावरून बाजूला झाला.

तळे त्या वर्षी घोट्याइतके झाले, पण आटले नाही. मिठागरे खणलेल्या त्या हातांनी टेकडीच्या कुशीत दोन झरे खणून काढले, आणि ती माणसे इथेच राहिली. गावाच्या उत्तरेची आगरवाडी त्यांचीच. यसूला मात्र तळ्याची वाट पुन्हा कधी एकटीला सापडली नाही. तो देवीचा चकवा होता, तिच्या मनाचा गोंधळ होता की तिने केलेले सोंग, यावर गावात अजून एकमत नाही. तिला विचारले तर ती म्हणे, "माकाच समाजला नाय." रोज सकाळी ती टेकडीच्या पायथ्याशी कळशी घेऊन उभी राही आणि येईल त्याला सांगे, "तुमी फुडे व्हा."

अण्णा काठी टेकून उठले. शर्वरीताईंना आणि बाकीच्यांना त्यांनी पुढे घातले आणि स्वतः दहा पावले मागून चालू लागले. मध्ये दोनदा शर्वरीताईंनी मागे वळून वाट विचारली, पण अण्णा वाळूकडे बघत राहिले. तळे सापडायला पाऊण तास लागला.

आजही इथे गावचा माणूस पाहुण्याच्या पुढे चालत नाही. पाहुणा चुकला तर तोही बरोबर चुकतो. आणि तळे लागले की काठावर थांबतो, पाहुण्याने पहिली ओंजळ भरून आपल्यापुढे धरेपर्यंत.