महाराजांचा रेडिएटर आणि अनशीची घागर

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी तिथे जातीने हजर होतो! म्हणजे माझ्या जन्माला तेव्हा चाळीस वर्षं अवकाश होता, पण अनशी ही माझ्या आजीची आत्या, तेव्हा मी हजर असल्यासारखाच.

तर, हिंगणमाळ संस्थानच्या महाराजांची मोटार गळत होती. मोटार वडिलांच्या काळातली, पितळी दिव्यांची, विलायती. मागच्या दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत तिच्या तोंडातून अशी वाफ निघाली, की पुढचा हत्ती बिथरला आणि मोटार शेवटी बैल जोडून राजवाड्यात आणावी लागली. मोटारीत महाराज बसलेलेच!

यंदाचा दसरा तीन आठवड्यांवर आला, तेव्हा बोलावलेला मुंबईचा मिस्त्री म्हणाला, "रेडिएटर फाटलाय. तीन महिने लागतील."

"तीन महिने?" महाराज गरजले. "आम्ही स्वतः दुरुस्त करू!"

झालं. रेडिएटर सुटून चौकातल्या टेबलावर आला. महाराज भोकांवर वितळलेल्या कथलाचे डाग देऊ लागले. एक डाग बसला, की शेजारचे दोन सुटत. पंधरा दिवसांत पाच भोकांची सतरा झाली. कथील संपलं, तेव्हा धोंडो तांबटाला बोलावणं गेलं. धोंडो साधा माणूस. रेडिएटर बघून बोलून गेला, "सरकार, राहू द्या. हे शिकलेल्या हाताचं काम आहे."

"म्हणजे आमचा हात अडाणी? ऐक! दसऱ्याच्या आत हा रेडिएटर आमच्याच हातून दुरुस्त होईल. दुसऱ्या कुणाचं बोट लागता कामा नये. कुणी आम्हाला शिकवताही कामा नये. आणि तरीही गळला, तर तुझी दृष्ट लागली असं समजून तुझी ऐरण विहिरीत!"

दसरा चार दिवसांवर होता. धोंडो घरी येऊन ऐरणीला टेकून बसला. "सात पिढ्यांची ऐरण गं, अनशे!"

लेक म्हणाली, "बाबा, घरातली गळकी घागर कुठंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज टेबलापाशी येतात तो काय, दहा हातांवर अनशी भट्टी मांडून बसलेली!

"काय गं, इथे काय करतेस?"

"सरकार, घागर गळतेय. बाबांना विचारावं तर ते रडतायत. सरकार एवढे जाणते, मला शिकवाल का?"

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "विचार, विचार!"

"इथे हिरवा गंज आहे. त्याच्यावरच कथील ओतू, की आधी चिंचेने घासू?"

महाराजांनी तिरक्या नजरेने स्वतःच्या रेडिएटरकडे पाहिलं. सगळे डाग गंजावरच! "घास! लख्ख घास! एवढंही कळत नाही?" आणि मागे वळून हळूच म्हणाले, "अरे, मुदपाकखान्यातली सगळी चिंच आणा." त्या दिवशी राणीसाहेबांची आमटी बिनआंबट झाली.

"आता सरकार, नुसतं कथील तापवू, की घागरही?"

"कथील!"

अनशीने मुकाट्याने कथील तापवून ओतलं. त्याचे मणी होऊन फरशीवर टणाटणा उडाले. "सरकारांचं बरोबरच आहे," ती म्हणाली. "घागरच मेली हट्टी."

महाराज खाकरले. "हं... मग घागरही तापवून बघ."

"कथील नीट धरावं म्हणून नवसागर भुरभुरू?"

"भुरभुर!"

"शेजारचे सांधे सुटू नयेत म्हणून त्यांच्यावर ओली चिंधी?"

"हेच! हेच सांगणार होतो आम्ही!"

असे तीन दिवस गेले. अनशी विचारायची, महाराज शिकवायचे आणि मग तेच स्वतः रेडिएटरवर करायचे. शेवटी अनशीने घागरीचं तोंड चामड्याने बंद करून तिच्यात नळीने हवा फुंकली आणि ती हौदात दाबली. "बुडबुडा आला तर भोक उरलंय, असंच ना सरकार?" लगेच महाराजांनी रेडिएटर हौदात बुडवला आणि गाल फुगवून स्वतः फुंकू लागले. दिवाणजी बघतच राहिले. एक बुडबुडा आला. महाराज ओरडले, "सापडला लेकाचा!"

दसऱ्याला मोटार वेशीबाहेर गेली आणि आपल्या पायांनी परत आली. एक थेंब गळला नाही!

दरबार भरला. दिवाणजी महाराजांच्या कानाशी लागले. महाराजांच्या भुवया चढल्या.

"अनशे, पुढे ये! खरं सांग, डाग द्यायला कुणी कुणाला शिकवलं? तू आम्हाला शिकवलं असशील, तर हुकूम मोडला, ऐरण विहिरीत! आम्ही आपलेआपण शिकलो असू, तर 'शिकलेला हात लागतो' म्हणणारा तुझा बाप खोटा ठरला. तरी ऐरण विहिरीत!"

धोंडोने डोळे मिटले.

अनशीने पदर खोचला. "सरकार, तांबट आळीची एक चाल आहे. शिकाऊ माणसाचं पहिलं न गळणारं भांडं उस्तादाच्या घरी जातं, कायमचं. मी शिकवलं असेल, तर सरकारांचं पहिलं भांडं आमच्याकडे यायला हवं." तिने चौकात उभ्या मोटारीकडे बोट केलं. "बाबा, अंगणातली शेळी जरा बाजूला बांधा, मोटार लावायचीय!"

दरबारात खसखस पिकली.

"आणि सरकारांनी मला शिकवलं असेल, तर ही घागर माझं पहिलं भांडं. ही घ्या. मग उस्ताद शिष्याच्या घरी घागरभर गूळ पाठवतो. राहता राहिले बाबा. ते म्हणाले, शिकलेला हात लागतो. उस्तादाचा हात शिकलेला नसतो का, सरकार?"

आधी महाराजांचं पोट हलू लागलं, मग मिशा, आणि मग ते असे खदखदून हसले की फेटा सुटून मांडीवर आला.

"उस्ताद आम्हीच! आणि ऐरण जिथे आहे तिथेच राहील. यापुढे संस्थानातलं तांब्यापितळेचं सगळं काम तुमच्या घरी!"

त्याच संध्याकाळी महाराज स्वतः मोटार हाकत तांबट आळीत आले. शेजारच्या गादीवर घागरभर गूळ ऐटीत बसला होता.

आता खरं सांगायचं तर यातला एक भाग रचलेला आहे. पहिलं भांडं उस्तादाला देण्याची चाल आमच्या आळीत कधीच नव्हती. पण ती मी नाही रचली. ती अनशीने रचली, भर दरबारात, उभ्या उभ्या!