भामरेची ओ

आमच्या गावात भामरे आडनावाचे एकही घर नाही. बोरसे आहेत, सोनवणे आहेत, खैरनारांची तर अख्खी गल्ली आहे. पण भामरे नावाची मुलगी मात्र गावात कायम असते. सध्याची सहावीत शिकते. तिचे पूर्ण नाव भामरे संजय सोनवणे.

आमचा दगडी बंधारा बघायला बागलाणाबाहेरून लोक येतात. या पौषात कॉलेजची काही मुले-मुली आणि त्यांचे सर आले होते. ते पहाटेच पाटाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, कारण त्या दिवशी पाण्याची पाळी होती. पाटकऱ्याने मोठ्याने पुकारले, "भामरेऽऽ!" शाल गुंडाळलेली ती मुलगी "ओ" म्हणाली. पाटकऱ्याने पाणी अडवणारी फळी उचलली आणि पाणी एका वावरात वळले. सरांनी विचारले तेव्हा मुलीने पूर्ण नाव सांगितले आणि ती जांभई देत घरी गेली.

"आबा, ही तर दोन आडनावं झाली," सर हसून म्हणाले. "पोरीचं नाव कुठं राहिलं?"

झिपरू आबांनी पुष्कळ वर्षे पाटकऱ्याचे काम केले आहे. ते म्हणाले, "बसा मग. हे उभ्या उभ्या सांगायचं नाही."

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची, ते आबांनाही माहीत नाही. तेव्हाही बंधारा हाच होता, पाट हाच होता आणि प्रत्येक घराला पाळीने पाणी मिळत होते. पाळीच्या पहाटे पाटकरी घराचे आडनाव पुकारायचा. त्या घरात जन्मलेल्या माणसाने ओ द्यायची. ओ आली की पाणी त्या वावराला, नाही आली की पुढच्या वावराला. सुनेची ओ चालत नसे, कारण ती दुसऱ्या घरात जन्मलेली. लेकीची चालत नसे, कारण ती उद्या दुसऱ्या घरी जाणार.

"मग बायकांनी काय करायचं?" पाहुण्यांतल्या एका मुलीने विचारले.

"दारं धरायची," आबा म्हणाले. "रात्रंदिवस चिखलात उभं राहून पाणी फिरवायला रीत आड येत नव्हती."

एका पावसाळ्यात पुराने बंधाऱ्याला भगदाड पडले. महादू भामरे दगड लावायला पाण्यात उतरला. भगदाड बुजले, पण महादू वर आला नाही. घरात त्याची बायको गोजर एकटी उरली, आणि तिला दिवस गेलेले होते. मुलगा झाला असता तर वावराचे पाणी टिकले असते. मुलगी झाली.

भामऱ्यांच्या वावराला लागून बोरशांचे वावर होते. घरातले वडीलधारे शिवबा बोरसे बाळंतिणीच्या दारात येऊन म्हणाले, "गोजर, मनाला लावून घेऊ नको. पण आता पाणी आमच्याकडंच येणार. वावरही आम्हालाच देऊन टाक. कोरडं ठेवून काय करशील?"

गोजर बाळाला पाजत राहिली.

बारशाला ठगू आत्या कुंची घेऊन आली. महादूची ती एकुलती बहीण. पाळण्यावर वाकून तिने विचारले, "काय नाव ठेवायचं, वहिनी?"

"भामरे."

"अगं, ते आडनाव आहे."

"दुसरं काय उरलंय या घरात?"

बायका पदराआड हसल्या. एक म्हणाली, "माझ्या पोरीचं पाटील ठेवते मग. कामं तरी सांगेल लोकांना." ठगू आत्या हसली नाही. तिचे स्वतःचे ते आडनाव लग्नात कधीच गेले होते. ती जरा वेळ पाळण्याची दोरी धरून उभी राहिली. मग खाली वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "भामरे."

पुढच्या पाळीला गोजर बाळाला घेऊन पाटावर गेली. पाटकऱ्याने रिवाजाप्रमाणे पुकारले आणि बाळ मोठ्याने रडले. आबा म्हणतात, ती देवाची करणी. गावातल्या बायका म्हणतात, गोजरने चिमटा काढला.

"ही काय ओ झाली?" शिवबा बोरसे ओरडले.

पाटकरी काही धीट माणूस नव्हता. तो पुटपुटला, "भामरे पुकारलं. भामऱ्यांच्या घरात जन्मलेली भामरे बोलली. आता मी कुणाचं ऐकू?"

पंच बसले. महादू कशापायी गेला, ते सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून कुणाला नाही म्हणवेना. त्यांनी एक अट घातली. हिचे नाव भामरे आहे तोवर पाणी मिळेल. त्या काळी लग्नात मुलीचे पहिले नावही बदलत. म्हणजे लग्न झाले की पाणी बंद. आणि ओ हिनेच द्यायची, दुसऱ्या कुणी नाही.

गोजरने अट मान्य केली. मुलीला कोण विचारणार? ती अंगावर पीत होती.

ती मुलगी मोठी झाली. पाळीमागून पाळी आली आणि ती ओ देत राहिली. तापात अंगावर घोंगडी घेऊन गेली. मामाच्या लग्नाला गेली नाही, कारण परत यायला उशीर झाला असता. एकदा नदीपलीकडच्या एका घरून तिला मागणी आली. मुलगा तिलाही आवडला होता, म्हणे. तिने पंचांना विचारले, "नाव नाही बदललं तर?" पंच म्हणाले, "असं कुठं असतं का, बाई?" तिने नकार कळवला आणि दुसऱ्या पहाटे पाटावर गेली. आई गेली, तिच्या दहाव्याच्या दिवशीही पाळी होती. भामरेने ओ दिली, आणि मग ती घाटावर गेली.

पुढे तिचे केस पिकले. गुडघ्यांमुळे पाटाची चढण चढताना ती मध्ये बसू लागली. एका पहाटे पाटकऱ्याने पुकारले. ती समोरच बसली होती, पण तिने ओ दिली नाही. त्याने पुन्हा पुकारले.

"ऐकू आलं रे," ती म्हणाली. "दमले मी."

"मावशी, ओ द्या. नाहीतर पाणी पुढं सोडावं लागेल."

"सोड. माझ्या बापानं भगदाड बुजवलं ते एकट्या आमच्या वावरासाठी नव्हतं. साऱ्यांची वावरं भिजतात त्यावर. मग त्याच्या नावाला ओ द्यायला मी एकटीच का?"

पाटकऱ्याने फळीला हात घातला. पुढचे वावर बोरशांचे होते आणि शिवबांच्या घरातली नातसून, केसर, कडेवर तान्ही मुलगी घेऊन पाण्याची वाट पाहत होती. ती एकदम म्हणाली, "थांबा. हिचं बारसं व्हायचंय अजून. हिचं नाव भामरे."

"काय बोलतेस?" तिचा नवरा म्हणाला. "आपलं पाणी जाईल."

"आपली पाळी आली की आपलं येईल." असे म्हणून केसरनेच लेकीच्या वतीने ओ दिली. ती सून होती. तिची ओ चालत नव्हती. पण त्या दिवशी ते कुणी काढले नाही.

पाणी भामऱ्यांच्या वावरात गेले. म्हातारी उठायला लागली, तेव्हा केसर म्हणाली, "बसा मावशी, दारं मी धरते." म्हातारी मात्र बसली नाही. केसरला तिने एवढेच सांगितले की कुठल्याही पोरीवर हे जन्मभर टाकू नका आणि लग्नात तिचे नाव बदलू नका. मग ती घरी गेली आणि उन्हे डोक्यावर येईपर्यंत झोपली. आयुष्यात पहिल्यांदाच, असे सांगतात.

तेव्हापासून एक भामरे सासरी गेली की गावात त्यानंतर जन्मणाऱ्या पहिल्या मुलीचे तेच नाव ठेवतात, मग घर कुणाचेही असो. ती नाव घेऊनच सासरी जाते. म्हातारीमागे भामऱ्यांचे वावर गावाने कसायला घेतले, आणि त्याचे धान्य बंधाऱ्याची डागडुजी करणाऱ्यांच्या जेवणाला जाते.

ऐकून झाल्यावर सरांनी मोबाइल काढला. त्यांना भामरेबरोबर सगळ्यांचा फोटो हवा होता.

"तिला बोलवता का जरा?"

आबांनी नकारार्थी मान हलवली. आमच्याकडे आजही पाळीच्या दिवशी ओ देऊन आलेल्या भामरेला कुणी काम सांगत नाही, शाळेत पाठवत नाही, हाकही मारत नाही.

"झोपली असेल," आबा म्हणाले. "झोपू द्या तिला."