अर्धा श्वास

"मग हिला का जमत नाही, माय? मन चंचल आहे म्हणूनच ना?"

चिंतामणच्या आवाजात घमेंड होती. बारा वर्षं प्राणायाम साधून तो टेकडीवरच्या मठात परतला होता, आणि पहिल्याच सकाळी खालच्या गावाला श्वास घ्यायला शिकवायला बसला होता. पुढ्यात सायत्रा मडावी होती. वय बत्तीस. चार पायऱ्या चढली की तिच्या छातीतून शिट्टी वाजायची.

"पूर्ण श्वास घे म्हटलं, तर खोकतच सुटली. शिस्तच नाही."

मठाची म्हातारी संन्यासिनी गोदामाय जपमाळ ओढत होती.

"डॉक्टरनं हिच्या छातीचा फोटो पाहिला," ती म्हणाली. "विचारलं, विड्या किती ओढता? हिनं जन्मात विडीला हात लावला नाही."

"पूर्वकर्म असेल."

गोदामायनं जपमाळ खाली ठेवली.

"चल. सायत्रा, तूही ये."

फाल्गुनातच ऊन वैशाखासारखं भाजत होतं. वेशीजवळच्या लोखंडाच्या कारखान्याचा काळा लोट थेट सायत्राच्या अंगणात उतरत होता. वाळत घातलेलं लुगडं, तुळस, पाण्याचा माठ... सगळ्यावर काजळी.

"बैस. घे तुझा पूर्ण श्वास."

चिंतामणनं ऐटीत आसन मांडलं. पहिला श्वास खोल. दुसरा त्याहून खोल. तिसऱ्याला घशात निखारा उतरल्यासारखं झालं. तो खोकत खोकत जमिनीवर वाकला. जितका श्वास चांगला, तितका धूर आत.

सायत्रानं त्याच्यापुढे तांब्या धरला.

"महाराज, इथं आम्ही अर्धाच घेतो," ती म्हणाली. "अर्ध्यावरच भागवतो."

चिंतामणला तिच्याकडे बघवेना. हिलाच आपण शिस्त शिकवत होतो! त्याची कानशिलं तापली. आधी लाजेनं. मग त्या धुराड्याकडे पाहून, रागानं.

तेवढ्यात रस्त्यावर कर्कश भोंगा वाजला. कोळशाचा ट्रक कारखान्याच्या फाटकापाशी अडला होता. त्याच्यापुढे, रस्त्याच्या मधोमध, गोदामाय मांडी घालून बसली होती.

"ए म्हातारे, मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला.

"मरतोच आहोत," ती म्हणाली.

चिंतामण धावत गेला. "माय, उठा! हे संन्याशाचं काम नाही!"

ती हलली नाही. मागं दुसरा ट्रक थांबला... मग तिसरा. सायत्रा धापा टाकत आली आणि मायच्या डाव्या हाताला बसली.

चिंतामण क्षणभर उभा राहिला. मग उजव्या हाताला बसला. सवयीनं त्यानं पाठ ताठ केली, पापण्या मिटल्या.

"ध्यान कशाचं करू, माय?"

"डोळे उघड."